सोनेरी पडद्याला निरोप नाही

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिरोउरा गावाचे नगराध्यक्ष माननीय ओगुशीसाहेब. राजधानीच्या मोठ्या संग्रहालयाचे संचालक, बोटीची दगदग सोसून इथवर आलेले आदरणीय हिदाकासाहेब. व्यासपीठावरचे मच्छीमार संघाचे ज्येष्ठ सभासद. आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, आयाबायांनो, तुम्हा सर्वांना कुवामोतो हात्सुएचा वाकून नमस्कार.

आज माझ्या घराण्याचा सत्कार आहे आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या या सहा चौकटींच्या, घडीच्या सोनेरी पडद्याला निरोप आहे, असं वरच्या फलकावर सुरेख अक्षरात लिहिलंय. उद्या सकाळी संग्रहालयाची गाडी बोटीवर चढून येईल आणि हा राजधानीला जाईल, असा बेत आहे. नगरकचेरीने मला भाषणही लिहून दिलंय. चांगलं आहे हो! जागोजागी मला ‘अत्यानंद’ झालेला आहे. तो मला झालेला नाही, म्हणून ते भाषण मी वाचणार नाही. ओगुशीसाहेब, आपण चहा घ्या. निवतोय.

या पडद्यावर काय आहे, हे इथल्या कुणाला सांगायला हवं? आमचे पूर्वज गलबतांचा व्यापार करायचे, त्यांच्याकडे हा आला. चितारी कोण, ठाऊक नाही. त्याने यातले पश्चिमेकडचे व्यापारी डोळ्यांनी पाहिले असतील का, याचीही मला शंकाच आहे, नाहीतर इतकी लांब नाकं काढायचं धाडस कुणाला होईल? त्यांच्या फुगीर विजारी बघून उत्सवात पोरं खिदळतात, “ते बघ, भोपळ्यात पाय घालून आले!” मोठं काळं जहाज, रेशमाचे गठ्ठे, पिंजऱ्यातला वाघ, छत्रीखाली मिरवणारा कप्तान. हिदाकासाहेबांनी आत्ता त्या कप्तानाविषयी फार विद्वत्तापूर्ण विवेचन केलं, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते.

पण साहेब, आपण खलाशाविषयी काही बोलला नाहीत.

मागच्या डोलकाठीच्या दोरावर एक सावळा खलाशी अनवाणी चढतोय. जाणकार म्हणतात, ही जहाजं गोव्याहून निघायची, तेव्हा तो गोव्याकडचा असेल, नाहीतर आफ्रिकेचा. कुठलाही असो. त्याचीही घरी कुणीतरी वाट पाहत असेल. आमच्या गावात उत्सवाला पुढच्या खोलीची जाळी काढतात, ठेवणीतल्या वस्तू रस्त्यावरून दिसतील अशा मांडतात. तेव्हा ज्या बाईचं माणूस समुद्रावर जाणार असेल, ती आमच्याकडे येते, पायऱ्यांशी चपला काढते आणि त्या खलाशाच्या पावलाला बोट लावते. कधीपासून, ते मला विचारू नका. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईही लावायच्या. त्या पावलाचा रंग केव्हाच उडालाय, खालचा कागद दिसतो. कप्तानाला कुणी हात लावला नाही, तो जसाच्या तसा आहे.

आमचे हे होडी घेऊन माकूळ मासळी धरायला जायचे. ते शेवटचे निघाले, तेव्हाही मी बोट लावलं होतं. होडी सापडली, हे सापडले नाहीत. मी या खलाशावर अशी संतापले की पुढे कितीतरी उत्सव त्याच्याकडे पाठ करून बसायचे. तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, तो काय देव आहे? तो पण बिचारा दोराला लटकलाय. आपण त्याला एवढंच सांगायचं, आमचं माणूस येतंय, जमलं तर हात दे.” मुलगा त्यांचा गेला होता, आणि समजूत माझी घालत होत्या! क्षमा करा, पाणी पिते.

हं. मग मी पडदा द्यायला हो का म्हटलं, असं तुम्ही विचाराल. छप्पर गळतं, कसर लागते, माझं वय झालं. हिदाकासाहेब फार आदबीने बोलले. म्हणाले, बाई, ही साऱ्या देशाची ठेव आहे, आम्ही जपू, आणि उत्सवाला तुम्हाला हुबेहूब प्रत देऊ, कुणाला फरक कळणार नाही. गेल्या शरदातल्या उत्सवाला ती प्रत मांडून पाहिली. कुणाला कळलं नाही? फुमिएताई, सांगू का? मान हलवतेयस, म्हणजे सांगते.

फुमिएताईंचं टोफूचं दुकान. मुलगा तात्सुरो होडीवर. त्या आल्या, चपला काढल्या, बोट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं.

“हात्सुए, हा कोण?”

“कोण म्हणजे? खलाशी.”

“याचं पाऊल धड आहे गं! हा आपला नाही. हा तर नुकताच अंघोळ करून आलाय.”

संग्रहालयाने प्रतीत त्या पावलाला पुन्हा रंग भरला होता. फुमिएताई बोट न लावताच घरी गेल्या, आणि तात्सुरो परत येईपर्यंत बाईच्या घशाखाली घास उतरला नाही. गावात आणखी कितीजणींचं असं झालं, ते इथे पुरुषमंडळींसमोर सांगत नाही.

मी हिदाकासाहेबांना विचारलं, अस्सल पडद्याचं काय करणार? ते मोकळेपणाने म्हणाले, “तेवढं नुकसान आम्ही दुरुस्त करू. चिताऱ्याने काढलं होतं तसं दिसेल. पुढे काच असेल, पुन्हा हात लागणार नाही.”

नुकसान! साहेब, राग मानू नका, पण हा शब्द मी तेव्हापासून चघळतेय आणि तो गिळला जात नाही. चिताऱ्याने पाऊल एका दिवसात रंगवलं असेल. ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झिजवलंय, भिऊन, रडून, नवस न बोलता. ते आमचं काम आहे. ते पुसायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मी तर देणार नाही.

कुनिहिको, तू उभा राहिलास ते दिसलं मला. “आई, पुरे” म्हणतोयस ना? खाली बस. तू मालवाहू जहाजावर होतास, तेव्हा दर खेपेला मी इथे बोट लावलंय. परत आलास, म्हणून आज आईला गप्प करायला उभा राहू शकतोस.

आणि ओगुशीसाहेब, आपण हळूच विचारताय ते या ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू जातंय. नाही, मला बरं नाही असं काही नाही. भाषणानंतर दानपत्रावर माझ्या सहीचा शिक्का मारायचा, हे माझ्या लक्षात आहे. शिक्का मी आणलेलाच नाही. छप्पर गळतंय ते शाकारून घेऊ. पडदा जुना होईल, विटेल, एक दिवस संपेलही. आमच्यात राहून संपेल. हिदाकासाहेब, आपण उत्सवाला या, माझ्या घरी उतरा, वाटेल तितका वेळ त्याच्यासमोर बसा. फक्त घेऊन जाऊ नका.

उद्या पहाटे माकळाच्या होड्या निघताहेत. पडदा इथे मांडलेलाच आहे. तेव्हा हात लागू नये म्हणून पडद्यापुढे बांधलेली ती दोरी कुणीतरी सोडा. हिदाकासाहेब, आपली खुर्ची जरा बाजूला घेता का? बायकांना वाट हवी आहे.

आपण सर्वांनी एका म्हातारीचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, आपली मी ऋणी आहे. पाहुण्यांचा मान राखण्यात कमी पडले असेन, तर पदरात घ्या.

फुमिएताई, ये. पावलाला बोट लाव आणि तात्सुरोचं नाव मोठ्याने घे, आज सगळ्यांना ऐकू दे.