दाजींची फ्रान्समधली प्रदक्षिणा

आमच्या दाजींना, म्हणजे मंठ्याला दिलेल्या बहिणीच्या मालकांना, फ्रान्सला सोबत नेलं ही चूक माझीच. माझी पोरगी तिथं स्ट्रासबर्गला नोकरीला आहे. तिनं सकाळी आमच्या हातात नकाशा दिला. गाईड-बिईड काही न्हाई, गावातल्या मोठ्या चर्चभोवती एक ते बारा नंबरच्या जागा बघत आपलं आपणच फिरायचं. "एक वाजता बारा नंबरला भेटते, मंग जेवायला जाऊ," म्हणली आणि ऑफिसला गेली.

एक नंबरला उभं राहून दाजींनी नकाशा बघितला. "ही वाट उलटी हाय. चर्च डाव्या हाताला येऊन राह्यलं."

मी म्हणलं, "दाजी, हे काय जांब समर्थचं मंदिर हाय का?"

"देव कुणाचा का असंना, उजव्या हातालाच ठेवायचा."

मंग काय, बारा, अकरा, दहा असे निघालो. नकाशावाले सगळे लोक समोरून येत होते, आणि दाजी मला म्हणत होते, "बघ, किती जण चुकून राह्यलेत."

फिरून एक नंबरला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पोटात कावळे ओरडत होते. बारा नंबर कोपऱ्यापलीकडंच. तिथं ताटकळलेली पोरगी शोधत आली, आम्हाला बघून सरळ आमच्याकडं निघाली. दाजींनी लांबूनच हात आडवा केला.

"थांब पोरी, तशी येऊ नको, चर्च डावीकडं येतंय. तिकडून पूर्ण फेरी मारून ये. आम्ही बसतो इथं."