पिवळी, पांढरी आणि पट्टी

डॉक्टरनं औषधांची नोंद घ्यायला पाठवलंय ना तुला, मग तसंच लिही पोरी – पिवळी गोळी, उपयोग शून्य. थरथर माझी, हात माझा, मग मला नको कळायला? डॉक्टर म्हणाला, आल्विन, पार्किन्सनवर हीच सगळ्यांत भारी. भारी कसली! आमच्या विस्कॉन्सिनात गायीला जंत झाले तरी याहून बरं औषध देतात. पट्टी? ती छातीवर चिकटवायची – खाजेनं जीव गेला, थरथर होती तिथंच. तिथंही काट मार. पांढरी तेवढी राहू दे. हां, पिवळीही घेतो ना, दिवसातून तीनदा. कशाबरोबर म्हणजे? दुधाबरोबर, वर चीजचा तुकडा. साठ वर्षं गायी पाळल्या, आता गोळी काय पाण्यानं गिळू? अगं, माहीत आहे, दुधानं तिचा जोर जातो, औषधवाल्यानं पहिल्याच दिवशी – म्हणजे, ऐकलं होतं कुठंतरी.

बरं, घेतली होती मागे एक आठवडा पाण्यानं. झालं समाधान? हात असा, या टेबलासारखा. शर्टाची बटणं लावली, पार गळ्यापर्यंत. मग बसलो. मांडीवर हात ठेवून दिवसभर बसलो. स्थिर हात घेऊन करायचं काय गं? गोठा तर माझ्या लेकीनं, मार्लिसनं, गेल्या थंडीच्या तोंडाशी रिकामा केला – बेचाळीस गायी, एका सकाळीत. तुमच्याच भल्यासाठी, बाबा, म्हणे. भलं करणाऱ्यांचा काही तोटा नाही मला. तू एक, तो डॉक्टर एक.

पांढरीवर काय होतं? काही नाही, झोप येते जरा. आणि संध्याकाळी पाच वाजले की बर्निस हंबरते. मग तिच्यामागून बाकीच्या. मी गोठ्यात जातो, तर आपापल्या जागी उभ्या असतात, अंगातून वाफा निघत असतात. नाहीत त्या, ठाऊक आहे मला – खुळा नाही मी. हात लावत नाही. लावला की जातात. नुसती नावं घेत फिरतो, एकेकीचं.

हे काय लिहितेस? खोड ते. मार्लिस वाचेल, पांढरी बंद करील, मग – खोड म्हणतो ना! डॉक्टरला कागद हवा, दे की कागद: पिवळी वाईट, पांढरी चांगली. झालं तुझं काम. ती कॉफी संपव आणि नीघ बघू. पाच वाजत आले. आणि दार हळू लाव – बुजतात त्या.