बसम्माची अर्धी पत्रिका

...तर मग मी गुन्हा काय केला, ते तरी सांगा! दिल्लीत संगणक शिकलो, सोबतचे सगळे अमेरिकेच्या व्हिसाला रांगेत उभे राहिले आणि मी म्हटलं, नाही, देश खुला झालाय, आता परळीही खुली झाली पाहिजे! पत्रिका छापायचं दुकान टाकलं, संगणक आणला, मोडेम आणला आणि एक सॉफ्टवेअर घेतलं. दुकानातल्या फायलींची कॉपी फोनच्या तारेवरून आपोआप पुण्यातल्या मोठ्या संगणकात जाऊन बसते. इथे आग लागो, पूर येवो, पत्रिका तिकडे सुखरूप! लोक म्हणायचे, "संगमेशा, पुण्याला गेलेली माणसं परत येईनात, अन् तू फायली कावून धाडतो बे?" हसलो होतो मी तेव्हा. आता हसू येत नाही.

तुम्हाला सांगतो, बस यायला वेळ आहे, ऐकाच. धर्मापुरीचे रुद्रप्पा अण्णा, किराणावाले. त्यांची बायको बसम्मा दिवाळीत लिंगैक्य झाली, म्हणजे वारली. तिच्या दिवसांचं कार्ड आमच्याकडेच छापलं. वर तिचा हसरा फोटो, 'बसम्मा रुद्रप्पा, धर्मापुरी', आणि खालच्या भागात ती गेल्याचा मजकूर. पुढे मुलीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर थांबायचं, तुम्हाला माहीतच आहे. पण मुलाकडचे कां-कूं करत होते... आई नसलेलं घर, बायकांना आवतण द्यायचं कुणी? एक खोड निघाली की मोडलंच लग्न!

आणि आमचा ऑपरेटर सुग्रीव! नवी फाईल काढेल तर शपथ. जुनं कार्ड उघडायचं आणि त्याच्यावरच नवं टाइप करायचं. "दादा, घर तेच, गाव तेच, नवं कावून मांडायचं?" तर हा बसम्माचं कार्ड उघडून त्यावर शिवांजलीचं लग्न टाइप करतोय, आणि त्याच वेळी मोडेम कुंईं-कुंईं करत तीच फाईल पुण्याला नेतोय. तार आमची मुंगीच्या चालीची. फोटोसकट वरचा भाग गेला तेव्हा तो जुना होता. खालचा जाईपर्यंत सुग्रीवने सगळं बदलून ठेवलं! वर मरण, खाली लग्न, अशी फाईल दुकानात कधी एक क्षणही नव्हती हो! पण पुण्यात ती तयार झाली. चांगलं सॉफ्टवेअर असतं तर थांबलं असतं, म्हणालं असतं, 'मी वाचतोय तोवर फाईल बदलली, पुन्हा घेतो.' हे काय म्हणालं? 'कॉपी पूर्ण, चूक एकही नाही!'

त्याच संध्याकाळी वीज पडली, दुकानातला संगणक जळून कोळसा. मी मात्र काय खूश! सुग्रीवला म्हटलं, बघ, याला म्हणतात तंत्रज्ञान! दुसरा संगणक मागवला, पुण्याहून फाईल उतरवली, छापली, गठ्ठा बांधला आणि मुलाच्या गावच्या एस.टी.त कंडक्टरकडे दिला. छापण्याआधी वाचून पाहिली का? अहो, यंत्र सांगतंय ना, चूक एकही नाही!

मागे राहिलेलं एक कार्ड रुद्रप्पा अण्णांनी हातात घेतलं आणि खाली बसले. वर बसम्मा हसतेय. खाली: 'माझी मुलगी शिवांजली हिच्या लग्नाला सर्वांनी अगत्याने यावे.'

"पोरीचं लगीन मोडलं," एवढंच बोलले.

अण्णा आणि मी धावलो मुलाच्या गावी. मुलाचे वडील, सिद्धाराम अप्पा, ओट्यावर बसलेले. मी हात जोडले, पुन्हा छापून देतो म्हटलं. तर आतून मुलाची आई आली, हातात तेच कार्ड. "पुन्हा कशाला? इहीनबाईनं सोता बोलावलंय. आता नको म्हनलं तर तोंड कुठं दाखवू?"

चला, सुटलो! पाणी प्यायलो. मग सहज विचारलं, मावशी, गठ्ठा कंडक्टरने घरी आणून दिला का?

"कंडक्टर? न्हाई बाबा. बाईमाणूस आलतं दारात. आत या म्हनलं, तर म्हनली, लई घरं राहिलीत."

उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार... आणि माझ्या हातातला तांब्या गार पडला. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कार्डाकडे पाहत होते.

लग्न झालं, थाटात झालं. ज्यांना आम्ही कार्ड दिलंच नव्हतं, तेही आले. कुणी बोलावलं? "बसम्मानं." मी दिल्लीत शिकलेला माणूस, मी म्हणणार गैरसमज, योगायोग! पण तेव्हापासून अण्णा रोज दुकानात.

"संगमेशा, वरची बसम्मा पुन्याला गेली?"

गेली अण्णा.

"अन् खालचं, ती मेल्याचं?"

ते पोचायच्या आत पुसलं होतं.

"म्हंजी तिथं ती मेलीच न्हाई."

अण्णा, ती फाईल आहे हो, फाईल बदलत असताना घेतलेली कॉपी आहे...

"कापी चुकली म्हन की मग!"

त्यांच्या देखत उघडून दाखवलं, तर पडद्यावर मोठ्या अक्षरात: 'कॉपी पूर्ण, चूक एकही नाही!'

म्हणून हे पुण्याला जाणं. समक्ष दाखवतो, म्हटलं, नुसता लोखंडाचा डबा आहे, बघून तरी मन शांत होईल. आत्ता ते आरक्षणाच्या खिडकीवर गेले होते, मी मागेच उभा होतो. कारकुनाने विचारलं, किती? अण्णा म्हणाले, "जाताना दोन द्या. येताना तीन."

आणि मी काय केलं विचारता? मी म्हटलं, खिडकीजवळची बघा.