तिसगावच्या थांब्यावरचा फॉर्म

तिसगावच्या थांब्यावर आम्ही एस.टी.ची वाट पाहत होतो. शेजारी मुंबईच्या एका सल्लागार कंपनीचा तरुण म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारून फॉर्म भरत होता.

"नगरहून मुंबईला सहा जणांचं छोटं विमान सुरू केलं, तर त्याला माणसं मिळतील का, ते आम्ही तपासतोय. तुम्ही मुंबईला जाता, बाबा?"

"ह्या सालात ही चवथी खेप."

"कशासाठी?"

"गावच्या पाझर तलावाची फाइल सचिवालयात पडून हाय."

"विमानानं तासाभरात पोचाल. अख्खा दिवस वाचेल."

"वाचवून काय करू? सायेबाच्या दाराशी बाकावरच बसायचं न्हवं? सायेब म्हनतो, जागा बघितल्याबिगर सही करनार न्हाई."

"मग बघत का नाहीत?"

"इकडं यायला त्येंला सवड न्हाई."

तरुणानं फॉर्मचं पान उलटलं.

"आता आसं लिवा. आमी जातो येष्टीनं. विमानात सायेबाला बसवा आन् तलावाच्या जागेवर आना."

"तसा रकाना नाही फॉर्मात."

"मग पाडा की येक. त्याला काय सायेबाची सही लागती व्हय?"

"लागते, बाबा."