चांद्याचं पोट आन् तीन सायेब

...आन् वरतून धर्मपाल गुर्जी मलेच म्हनते, फुलसिंग, आवाज कमी कर! काहून करू? तुमाले सांगतो, भर डवरनीचे दिवस, पिकात डवरा हाकाचा, आन् जोडीतला माहा चांद्या बैल ओला चारा खाऊन शाळेमांगं आडवा. पोट ढोलावानी फुगलेलं, डोळे पांढरे... मी बांबूच्या नळ्यानं जवसाचं तेल पाजून राह्यलो, पोरगी जमनी रडून राह्यली, तेवढ्यात जीप आली. यवतमाळच्या कालेजातले तीन सायेब! तांड्यातल्या पोट्ट्याइले सांगाले, का जिवाचा अभ्यास करनारे कोनकोनते असते. म्या म्हनलं, देवच पावला. जो जीव जानते, थो जीव वाचवनच ना? हात धरून आनले तिघंबी.

पयल्यानं बैलाच्या कानामांगून गोचीड उपटली, शिशीत टाकली. "मुलांनो, मी अशा बारक्या जिवांचा अभ्यास करतो." आन् माह्या बैलाचं काय? "ते माझं काम नव्हे." दुसऱ्यानं तोंडातलं गवत ओढलं, त्याचं असं नाव सांगतलं का गवतालेबी मालूम नसन. "मी वनस्पतींचा." आन् माह्या बैलाचं काय? तिसऱ्यानं लाळेचा थेंब काचेवर घेतला. "मी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा." अरे, न दिसनारा दिसते तुले, आन् हे एवढं धूड दिसत नाही?

मंग माही सटकली. घेतली बैल हाकाची तुतारी, झालो जीपपुढं उभा. बैल उठल्याबिगर जीप हालनार नाही! गुर्जी घामाघूम. बैलाचा श्वास... थांबला का काय?

आन् बाप्पा, चांद्या कन्हला. असा वारा सुटला, असा शेनाचा पो पडला, का माह्या डोळ्यातून पानी आलं. उठला ना गडी! मी गळ्यात पडलो त्याच्या, मांगं पाह्यतो तं तिघंबी सायेब शेनापाशी उकिडवे. एकाले किडा सापडला, दुसऱ्याले बी, तिसरा काचेवर थेंब घेऊन राह्यला, आन् सारे पोट्टे भोवती. बैलाकडं एकानं पाह्यलं असन तं शप्पत!

सायेब गेले, भाऊ, पन खूळ ठेवून गेले. चांद्यानं शेपटी उचलली का सारी शाळा डबे घेऊन मांगं. थो बिचारा वळून पाह्यते, लाजते, रोखून धरते. आन् जमनी मले म्हनते, "बा, मी किडेवाली होनार, डबा नीट धर ना."

धरतो. काय करता?