उंबऱ्यावरचं पाणी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक कालोयान मिन्चेव, व्यासपीठावरच्या नगराध्यक्षा ईस्क्राताई, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत काळा रुमाल बांधून बसलेली माझी आई वेलिचका, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी माझं एवढं कौतुक केलं, की वाटलं, ही दोब्रिंका बाई कोण, हिला एकदा भेटायलाच हवं! अडतीस वर्षं भूगोल शिकवला, एवढंच मी केलं. मुलं मला पाठीमागं ‘पाणीवाल्या बाई’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. परीक्षेच्या सकाळी शाळेच्या पायरीवर मी कळशीनं पाणी ओतते आणि मुलं ते ओलांडून आत जातात. पाणी वाहतं तसं काम सुरळीत व्हावं, म्हणून. एका वर्षी पेन्चो गणितात नापास झाला, तर त्याची आई कमरेवर हात ठेवून दारात हजर. “बाई, माझ्या पोराच्या वाटणीला पाणी कमी पडलं!” मी म्हटलं, “अहो, पाणी पुरलं. पाढे कमी पडले.”

आपल्याकडे कोण पाणी ओतत नाही? आमच्या घरी ओतत नसत. माझे आजोबा कामासाठी अर्जेंटिनाला निघाले, तेव्हा आजीनं उंबऱ्यावर भरली कळशी रिती केली होती. आई तेव्हा दोन वर्षांची. आजोबांचं एक पत्र आलं, मग तेही नाही. आजी मरेपर्यंत म्हणायची, “वाट मीच ओली केली, म्हणून तो घसरत लांब गेला.” तेव्हापासून कळशी फळीवर पालथी.

अठराव्या वर्षी मला काळ्या समुद्राकाठच्या वार्नाला जाऊन समुद्राचे नकाशे काढायला शिकायचं होतं. प्रवेशाचं पत्रही आलं होतं. निघायच्या सकाळी मी बॅग घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, “आई, पाणी?”

“नाही ओतायचं. जायचं तर कोरडी जा.”

मंडळी, दाराला कुलूप नव्हतं. कुणी माझा हातही धरला नव्हता. पण पाणी न ओलांडता निघालं तर काम तडीला जात नाही, असं सारं गाव मानायचं, आणि मीही मानत होते. ओतलं तर माणूस परत येत नाही, नाही ओतलं तर काम होत नाही! मी बॅग खाली ठेवली आणि बटाटे सोलायला बसले. आयुष्यात काय व्हायचं ते आपलं आपण ठरवतो, असं आपण मुलांना सांगतो. खरं सांगू? निम्मं तरी घरातल्या जुन्या भीतीनं आधीच ठरवलेलं असतं.

मग रोज जाऊन-येऊन शिकता येईल तेवढं शिकले आणि तुम्हाला समुद्र शिकवला, फळ्यावर. माझा निळा खडू सगळ्यात आधी संपायचा. पोरं विचारायची, “बाई, खरंच एवढा निळा असतो?” मी म्हणायचे, “याहून निळा.” पाहिला मात्र नव्हता. शाळेची सहल समुद्रावर जायची, तेव्हा मी काहीतरी सबब काढून घरी राहायचे. आईवर फार राग यायचा. समुद्राची ओढ मात्र त्या रागापेक्षा जास्त टिकली.

आपला माजी विद्यार्थी मिलेन आता वार्नाच्या बंदरात काम करतो. त्यानं लिहिलंय, “बाई, खोली तयार आहे. खिडकीतून समुद्रच दिसतो. आता सबबी पुरे.” तेव्हा आज चारच्या गाडीनं मी निघतेय, तीन आठवड्यांसाठी. शेजारची रुमेना आईपाशी राहील.

सकाळी मी ती कळशी फळीवरून काढून घासली. आई म्हणाली, “उगाच घासतेस. मी नाही ओतणार.”

“मग कोण ओतेल?”

“गावच्या पोरांसाठी जन्मभर ओतलंस ना? त्यांना सांग.”

पोरं ओततील गं. सांगायचा अवकाश, धावत येतील. पण साठी उलटली तरी मला तुझ्याच हातचं हवंय. आई, मी आजोबा नाही. मी परत येईन.

सभागृहाच्या दारापाशी कळशी भरून ठेवली आहे. बोलणं संपलं की मी तिथं जाऊन उभी राहीन. चाळीस वर्षांहून जास्त थांबले, अजून थोडी थांबेन.

आपण सर्वांनी मला जे प्रेम दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. आणि दारापाशी फरशी ओली झालीच, तर त्याबद्दलही क्षमा असावी.