किल्लीतला जीव

नाही, पण मी म्हणतो, 'जरा मागे सरा' कशाला म्हणाला तो? आं? पंचवीस मिनिटं मी त्याच्या काउंटरला नाक लावून उभा, पापणी लवू दिली नाही, आणि नेमकं जुनी किल्ली फोडायच्या वेळी म्हणतो, "काका, जरा मागे सरा, उजेड अडतोय." ऐन मोक्याला बरा उजेड अडला! तुम्हाला सांगतो, मी संशयी नाही हो. मी फक्त लक्ष ठेवतो.

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला किल्लीवाल्याकडे? हौस म्हणून नाही गेलो! सासूबाई जिन्यात पडल्या, पायाला प्लास्टर. त्यांना गाडीपर्यंत आणायचं म्हणजे एका बाजूला मी, एका बाजूला बायको, आणि किल्ली माझ्या खिशात... ती साधी, लांबलचक किल्ली, जिने माझ्या तीन पँटींचे खिसे फाडलेत! ती काढा, दाराला लावा, फिरवा, तोवर सासूबाई एका पायावर. बायको म्हणाली, "अहो, सगळ्या जगाकडे घडीची रिमोट किल्ली आहे. बटण दाबलं की दारं उघडतात. तुमचंच काय अडलंय?" आता काय अडलंय ते तिच्या आईसमोर कसं सांगू? अहो, किल्लीवाला एक किल्ली तुम्हाला बनवून देतो आणि एक... जाऊ दे. त्यात गाडी सेकंडहँड, किल्ली मिळाली एकच. दुसरी हरवली म्हणाला आधीचा मालक. हरवली! हे सांगताना तो माझ्याकडे न बघता गाडीच्या आरशात बघत होता. मी तेव्हाच टिपलं होतं.

तर हा किल्लीवाला. दुकान कसलं, दोन भिंतींच्या फटीत बसवलेलं कपाट! मागे खिळ्यांना शेकडो किल्ल्या लटकलेल्या. "या कुणाच्या?" मी आपलं सहज विचारलं. "कुणाच्याच नाहीत काका, कोऱ्या आहेत." कोऱ्या! असतीलही. त्याने मशीनवर पातं कापलं, खर्रर्र... घडीत बसवलं, आणि मग ते 'मागे सरा'. मी सरलो, दोन सेकंद, फार तर तीन, परत वाकतो तर काम झालेलं! "काय केलंत आत्ता?" "काही नाही, जुन्या किल्लीतला जीव काढून नव्या किल्लीत घातला." जीव! किल्लीवाला आहेस की मांत्रिक? मी जुन्या किल्लीचं टरफल मागून घेतलं आणि रुमालात बांधलं. संशय म्हणून नाही हो, लक्ष ठेवायचं म्हणून.

घरी आलो. बटण दाबलं, टुक टुक, चारी दारं उघडली. पातं खटकन बाहेर, खटकन आत. बायको खूश. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आत्ता कुठे माणसात आलात." मला मात्र जेवण जाईना. शेवटी चष्म्याचा बारका स्क्रू ड्रायव्हर घेतला, बाथरूमला कडी लावली आणि किल्ली उघडली. आत बॅटरी, ठीक. हिरवी पट्टी, ठीक. आणि कोपऱ्यात... एक काळा दाणा. तांदळाएवढा. ना तार, ना टाका, कशालाच जोडलेला नाही! मला सांगा, जी वस्तू कशालाच जोडलेली नाही, ती तिथे बसलीय कशासाठी? म्हटलं, सापडलास! मी गाडी कुठे लावतो, कधी काढतो, सगळं त्या फटीतल्या कपाटाला कळवणार तू! चिमटीत धरला, कमोडमध्ये टाकला, फ्लश ओढला. किल्ली मिटवून खिडकीतून बटण दाबून बघितलं, तर दारं उघडतायत! म्हणजे दाण्यावाचून काही अडत नाही. झालं ना सिद्ध? बोला आता, मी संशयी आहे?

शनिवारी प्लास्टर काढायचं होतं. डॉक्टर बारापर्यंतच असतात. सासूबाई मागच्या सीटवर पाय आडवा टाकून, बायको तो पाय मांडीवर घेऊन. मी ऐटीत किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र... गप्प. समोर लाल किल्लीचं चित्र लुकलुकतंय. परत घुर्र... परत गप्प. मागून आवाज, "जावईबापू, उतरू का?" म्हटलं, नको, बसा. उतरवणार कसं? चढवायलाच वीस मिनिटं लागली होती! घड्याळात सव्वाअकरा.

धावत गेलो किल्लीवाल्याकडे. त्याने किल्ली उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, जीव कुठाय?"

"कसला जीव?"

"काळा दाणा हो! चिप! गाडी त्या दाण्याला ओळखते, किल्लीला नाही. दाणा नाही तर इंजिन चालू होत नाही. कुठे गेला?"

आता कुठे गेला ते भर रस्त्यावर कसं सांगायचं? कानात सांगितलं. तो एक पाऊल मागे सरला. उजेड वगैरे काही अडत नव्हता, तरी सरला! म्हणतो, "नवा दाणा बसवून गाडीला तो शिकवावा लागेल. मशीन घेऊन येतो मी. पण काका... गाडी तुमचीच ना?"

मला! मला विचारतो!

"तसं नाही. पण जीव काढलेली किल्ली घेऊन, घाम पुसत, घाई करत कुणी आलं की आम्हाला लक्ष ठेवावं लागतं."

शब्द माझा, आणि माझ्यावरच! मी ताडकन खिशातून गाडीचे कागद काढले. खिशातच असतात, गाडीत ठेवले आणि गाडी चोरीला गेली तर कागदांसकट जायची! त्याने वाचले. "नाव तर बाईंचं आहे." बरोबर, गाडी बायकोच्या नावावर! त्याने माझ्याकडून नंबर घेऊन सरळ तिला फोन लावला, तोही स्पीकरवर. "ताई, इथे एक गृहस्थ आलेत, तुमचे मिस्टर म्हणतायत. किल्ली खोलून आतली चिप त्यांनी संडासात टाकलीय म्हणे. ओळखता का?"

पलीकडून बायकोचा इतका थंड आवाज, "कडी लावून खोलली का, विचारा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"हो म्हणतायत."

"मग आमचेच आहेत. या लवकर, आईच्या पायाला मुंग्या आल्यात."

त्याने मशीन पिशवीत घातलं आणि जाड वही पुढे ओढली. नाव, गाडीचा नंबर, तारीख... आणि 'ओळखीचा पुरावा' असा एक रकाना. मी वाकून वाचलं. त्याने लिहिलं होतं, 'स्वभाव'. मी खोडायला लावणार होतो... पण मग पुरावा अजूनच पक्का झाला असता. केली सही.